प्रोसेसर बदलू की राहू दे?

प्रश्न असा आला: "काका, माझं मशीन २०१९ चं. रायझन ५ २६००, बी४५० बोर्ड, ८-८ जीबीच्या दोन डीडीआर४ रॅम, खोक्यावर ३००० लिहिलेल्या. मागच्या वर्षी जुनं ग्राफिक्स कार्ड काढून सेकंडहँड आरटीएक्स ३०६० टाकलं, दिवाळीला १६५ हर्ट्झचा २४ इंची मॉनिटर घेतला. व्हॅलोरंटमध्ये एरवी १७०-१८० एफपीएस मिळतात, पण साइटवर धुमश्चक्री सुरू झाली की ९०-१०० वर आपटतो. सायबरपंकमध्ये बाजारात शिरलं की ४०. यूट्यूबवर याच कार्डावर लोकांना कितीतरी जास्त मिळतात. मित्र म्हणतो सगळं विकून एएमडीच्या नव्या एएम५ सॉकेटवर जा, दुकानदार म्हणतो चौदाव्या पिढीचा आय५ घे. बाबा २५ हजार देणार आहेत, एकदाच. काय करू?"

काका म्हणालास ते बरोबरच आहे, पेंटियम फोरच्या काळापासून मशीनं जोडतोय. आधी उत्तर देतो, कारणं मागून. हो, तुझ्या बाबतीत प्रोसेसर बदलण्यात अर्थ दिसतो. पण फक्त चिप. बोर्ड तोच, रॅम तीच, एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) तोच. आणि चिपेचे पैसे देण्याआधी एक संध्याकाळ घालवून मी सांगतो ते तपासायचं. मला तुझं मशीन इथून दिसत नाही, आणि "प्रोसेसर कमी पडतोय" म्हणत माझ्याकडे आलेली बरीच गिऱ्हाइकं प्रोसेसर न बदलता घरी गेली आहेत.

गेल्या उन्हाळ्यात एक मुलगा कॅबिनेट उचलून आला होता. चांगला सहा कोअरचा प्रोसेसर, तरी अर्ध्या तासाने गेम रडायला लागायचा. नवीन चिपेचं नाव ठरवूनच आला होता. झाकण काढलं तर कूलरच्या पंख्याखाली धुळीची आणि कुत्र्याच्या केसांची अक्षरशः गादी. कॅबिनेट घरी कॉम्प्युटर टेबलाच्या बंद कप्प्यात ठेवलेलं. तापमान ९५ ला टेकायचं, मग चिप स्वतःच वेग कमी करायची. ब्लोअर मारला, पेस्ट नवीन लावली, कॅबिनेट कप्प्याबाहेर ठेवायला सांगितलं. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी असं नको व्हायला, म्हणून आधी मोजायचं.

मोजण्याआधी दोघांची कामं कशी वाटलेली असतात ते समजून घे. दिवाळीत दारात दोघी मिळून मोठी रांगोळी काढतात ना, एक ठिपके मांडून रेषा ओढते, दुसरी मागून रंग भरत येते, तसं. प्रोसेसर रेषा ओढतो: तू माऊस कुठे हलवलास, शत्रू कुठे आहे, गोळी कशाला लागली, रस्त्यावरचे पन्नास लोक कुठे चालले, यातलं काय काय पडद्यावर काढायचं, हे प्रत्येक फ्रेमला, म्हणजे पडद्यावरच्या प्रत्येक चित्राला, ठरवून तो कार्डाकडे सोपवतो. सेकंदाला अशी किती चित्रं निघतात तो आकडा म्हणजे एफपीएस. कार्ड रंग भरतं. रिझोल्युशन वाढवलं, टेक्स्चर आणि सावल्यांचा दर्जा चढवला की वाढतं ते बहुतेक रंगाचंच काम. रेषा ओढायला लागणारा वेळ जवळपास तेवढाच राहतो. तू रंग भरणारी बदललीस, चांगली चपळ आणलीस. आता ती हातात रंग घेऊन रेषांची वाट बघत बसते.

हे माझ्या शब्दावर मानू नकोस. एमएसआय आफ्टरबर्नर टाक, त्याच्यासोबत रिव्हाट्यूनर येतं, ते गेमच्या कोपऱ्यात आकडे दाखवतं. तिथे कार्डाचा वापर, कार्डाची मेमरी, प्रोसेसरचं तापमान, प्रत्येक थ्रेडचा (प्रोसेसरच्या एकेका कामाच्या रांगेचा) वापर, एफपीएस आणि फ्रेमटाइमचा (एका फ्रेमला लागणाऱ्या वेळेचा) आलेख लावून घे. व्ही-सिंक (एफपीएस मॉनिटरच्या वेगाला बांधणारं सेटिंग) आणि एफपीएसची मर्यादा आधी बंद कर, नाहीतर मर्यादेला टेकलेलं कार्ड आरामात बसलेलं दिसेल आणि तू उगीच प्रोसेसरला दोष देशील. मग नेहमीसारखा खेळ. कार्ड सतत ९५ ते ९९ टक्क्यांवर असेल तर प्रोसेसरला हात लावायचं कारणच नाही. बाजारात ४० एफपीएस आणि कार्ड ६०-६५ टक्क्यांवर, असं दिसलं तर अडचण कार्डात नाही.

इथे एका गोष्टीला बरेच जण फसतात. टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसरचा एकूण वापर ४० टक्के दिसतो आणि वाटतं, हा तर निवांत आहे. तुझ्या २६०० ला सहा कोअर, बारा थ्रेड आहेत. त्यातला एक थ्रेड पूर्ण दमला तरी एकूण आकड्यात तो जेमतेम ८ टक्के दिसतो. गेमचं मुख्य काम मात्र एकदोन थ्रेडवरच अडून बसलेलं असतं, बाकीचे थ्रेड त्या एकाची वाट बघतात. म्हणून एकूण टक्केवारी बघायचीच नाही. कार्डाचा वापर बघायचा.

याहून खात्रीची परीक्षा: सायबरपंकमध्ये त्याच बाजारात एका जागी उभा राहा, कॅमेरा हलवू नकोस, आकडा लिहून घे. मग डीएलएसएस (कमी रिझोल्युशनला रंगवून चित्र मोठं करणारी कार्डाची सोय) क्वालिटीवर टाक, मग परफॉर्मन्सवर. १०८० च्या पडद्यावर क्वालिटीत गेम आतून ७२० ला रंगवला जातो, परफॉर्मन्समध्ये ५४० ला. रंगाचं काम इतकं घटलं तरी आकडा ४० चा ४२ झाला, तर रेषा ओढणाराच मंद आहे हे सिद्ध झालं. ४० चा ६५ झाला तर मी चुकलो, चिप घेऊ नकोस. जाता जाता, "डीएलएसएस लावलं तरी फरकच पडत नाही" अशी तक्रार करणाऱ्या बहुतेकांचं दुखणं हेच असतं. रे ट्रेसिंग लावलं असशील तर तेही बंद करून एकदा बघ. त्याचा बोजा एकट्या कार्डावर पडतो असं लोक धरून चालतात, पण किरणांसाठी देखाव्याचा जो आराखडा सतत ताजा ठेवावा लागतो त्यात प्रोसेसरही राबतो.

व्हॅलोरंटला इतकं करायची गरज नाही. त्या गेममध्ये ३०६० ला फारसं कामच नसतं, तो पहिल्यापासून प्रोसेसरवर चालणारा गेम. तिथे सरासरी सोडून दे, १ टक्का लो बघ, म्हणजे सगळ्यात संथ एक टक्का फ्रेम कशा होत्या ते. १६५ हर्ट्झचा मॉनिटर दर ६ मिलिसेकंदांनी नवीन चित्र मागतो. धुमश्चक्रीत तुझा प्रोसेसर १०-११ मिलिसेकंद घेतो. सरासरी १७० असूनही नेमका नेम धरायच्या क्षणी हात जड वाटतो तो यामुळे.

आता फुकटचे उपाय. यातले दोन तुझ्या मशीनला लागू असतील असा माझा अंदाज आहे.

पहिला, रॅमचा वेग. खोक्यावर ३००० लिहिलंय म्हणून ती ३००० वर चालते असं नाही. बायोसमध्ये (बोर्डाच्या आतल्या सेटिंगच्या पडद्यावर) एक्सएमपी, म्हणजे रॅमला खोक्यावरच्या वेगाने चालवणारं सेटिंग, चालू केलं नसेल तर ती २१३३ किंवा २४०० वर रांगत असते. टास्क मॅनेजर, परफॉर्मन्स, मेमरी, तिथे वेग दिसतो. बघ आणि जीभ चाव. पहिल्या पिढ्यांच्या रायझनला संथ रॅमचा फटका जास्त बसतो, कारण त्यांच्यात कोअरच्या दोन टोळ्यांना जोडणारा आतला रस्ता रॅमच्याच वेगाने धावतो. दोन्ही पट्ट्या दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत आहेत ना, तेही बघ. बोर्डाला दोनच खाचा असतील तर प्रश्नच नाही. शेजारशेजारच्या खाचांत बसवून सिंगल चॅनलवर, म्हणजे दोनऐवजी एकाच वाटेने, वर्षानुवर्षं चाललेली मशीनं मी पाहिली आहेत, आणि मालक कार्डाला शिव्या घालत होते.

दुसरा जरा आतला. विंडोज ११ मध्ये 'मेमरी इंटिग्रिटी' नावाचं संरक्षण असतं, विंडोज सिक्युरिटीत कोअर आयसोलेशनखाली. त्यासाठी लागणारी हार्डवेअरची सोय एएमडीने झेन २ पासून, म्हणजे ३००० मालिकेच्या डेस्कटॉप चिपांपासून दिली. तुझा २६०० त्याआधीच्या झेन प्लस घडणीचा, त्याच्यात ती नाही, म्हणून विंडोज तेच काम सॉफ्टवेअरने ओढूनताणून करतं आणि वेग खातं. ते चालू आहे का बघ. बंद केल्यावर किती फरक पडतो ते परीक्षेपुरतं जरूर मोज. पण याच मशीनवर बँकेचे व्यवहार होत असतील, क्रॅक केलेली सॉफ्टवेअरं पडली असतील, तर कायमचं बंद ठेव असं मी सांगणार नाही.

बाकी किरकोळ. सायबरपंकच्या सेटिंगमध्ये क्राउड डेन्सिटी खाली आण, प्रोसेसरला थेट हलकं वाटतं. व्हॅलोरंटमध्ये मल्टिथ्रेडेड रेंडरिंग चालू आहे का बघ. रेकॉर्डिंग करत असशील तर ते एनव्हीएन्कवर, म्हणजे कार्डावर, टाक. गेम हार्डडिस्कवर असेल तर शहरात गाडी पळवताना अडखळणारच, त्याला कुठलाच प्रोसेसर वाचवू शकत नाही.

हे सगळं करून बाजारातले ४० चे ४६-४८ झाले आणि तू खूश असशील, तर पैसे खिशात ठेव. हे मी मनापासून सांगतोय. पण १६५ चा मॉनिटर घेऊन व्हॅलोरंट खेळणारा माणूस तेवढ्यावर खूश होईल असं वाटत नाही.

तर चिपेकडे येऊ. २६०० आला एप्रिल २०१८ मध्ये. त्याच्या पोटात १६ एमबी एल३ कॅश (चिपेच्या आतली झटपट साठवण), तीही अर्धी-अर्धी वाटलेली: तीन कोअरना ८, दुसऱ्या तिघांना ८. एका टोळीला दुसऱ्या टोळीकडची माहिती हवी असेल तर मधला रस्ता ओलांडावा लागतो. गेमसारख्या सतत इकडची माहिती तिकडे विचारणाऱ्या कामात हे फार महागात पडतं. रायझन ५ ५६०० मध्ये तेवढेच सहा कोअर, बारा थ्रेड, तेवढाच ६५ वॉटचा दर्जा, पण कॅश ३२ एमबी, एकाच हंड्यात, सहाही कोअरना खुली. एएमडीच्या आकड्यांप्रमाणे झेन प्लस ते झेन २ मध्ये एका ठोक्यातलं काम १५ टक्क्यांनी वाढलं, झेन २ ते झेन ३ मध्ये, म्हणजे ५६०० च्या घडणीत, आणखी १९ टक्क्यांनी. वरचा वेगही ३.९ वरून ४.४ गिगाहर्ट्झवर गेला. गुणाकार केलास तर कागदावर दीडपट होतं, आणि जिथे प्रोसेसरच अडवतोय अशा गेममध्ये प्रत्यक्षातही त्याच घरातला फरक दिसतो. तुझ्यासाठी माझं उत्तर ५६०० हेच. अभ्यासासाठी व्हिडिओ रेंडर करणं किंवा मोठे प्रोजेक्ट कंपाइल करणं चालत असेल तर आठ कोअरचा ५७००एक्स. गेममध्ये दोघांत फार अंतर नाही, आणि ५७००एक्सच्या खोक्यात कूलर येत नाही, तो खर्च वेगळा धर.

तुझा बोर्ड या चिपा चालवतो याचं थोडं श्रेय ओरडा करणाऱ्या लोकांना आहे. मे २०२० मध्ये एएमडीने आधी सांगितलं होतं की तुझ्या बी४५० सारख्या ४०० मालिकेच्या बोर्डांवर झेन ३ चालणार नाही. जगभरातून इतकी बोंब उठली की त्याच महिन्यात त्यांना निर्णय फिरवावा लागला. नाहीतर आज मला तुला वेगळंच उत्तर द्यावं लागलं असतं.

घेताना नावं नीट वाच, कारण या कुटुंबात सख्खी दिसणारी सावत्र भावंडं आहेत. ५५००, ५६००जी आणि नुसता ५७००, शेवटी एक्स नसलेला, हे तिन्ही लॅपटॉपच्या घराण्यातून आलेले. त्यांच्यात कॅश १६ एमबी, म्हणजे निम्मी. दुकानात "एकच आहे हो, थोडा स्वस्त" असं ऐकायला मिळेल. एकच नाही. ५७०० आणि ५७००एक्स यांच्यात एका अक्षराचा फरक आहे आणि गेममध्ये तो जाणवतो. बिलावर पूर्ण नाव लिहून घे.

आणि एक्स३डी? ५८००एक्स३डी आणि त्याचा धाकटा ५७००एक्स३डी यांच्यावर कॅशचा एक मजला जास्त चढवलेला, एकूण ९६ एमबी. चिपा अफलातून, तुझ्या बोर्डावरच्या एएम४ सॉकेटवर (चिप बसते ती जागा) गेमसाठी यांच्या वर काही नाही. पण आता नवीन सहज मिळत नाहीत, आणि सेकंडहँडवाले सोन्याच्या भावाने विकतात. परदेशी व्हिडिओत जो "अलीएक्सप्रेसवरून स्वस्तात मागवा" हा सल्ला असतो तो आपल्या कामाचा नाही, ते अ‍ॅप आपल्याकडे नोव्हेंबर २०२० पासून बंद आहे. समजा मिळालीच, तरी ३०६० सोबत ती म्हणजे चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला. सायबरपंकमध्ये ५६०० टाकल्यावर बहुतेक ठिकाणी तुझं कार्डच ९८ टक्क्यांवर जाऊन बसेल, त्यापुढची ताकद वाया. फक्त व्हॅलोरंट आणि सीएस२ (काउंटर-स्ट्राइक २) खेळणारा, आणि त्यातच नाव काढायचं ठरवलेला असशील, तर वेगळा विचार करू.

आता मित्राचं एएम५. तो चुकीचं बोलत नाही, फक्त तुझ्या खिशातून बोलतोय. एएम५ ला डीडीआर५ लागते, दुसरी चालत नाही. म्हणजे चिप, बोर्ड, रॅम, तिन्ही नवीन. त्यात २०२५ च्या शेवटापासून रॅमची जी भाववाढ झाली ती तू पाहिली असशील. एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरीच्या कारखान्यांचं उत्पादन ओढून घेतलं, आणि डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉनने तर क्रुशल हा आपल्यासारख्यांना रॅम-एसएसडी विकणारा ब्रँडच गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. अशा वेळी हातातली चालती १६ जीबी डीडीआर४ मोडीत काढून डीडीआर५ घेणं मला पटत नाही. २५ हजारांत तिन्ही बसवायला गेलास तर कुठेतरी हलकं घ्यावं लागेल, आणि ते हलकं नेहमी बोर्डात किंवा एसएमपीएसमध्ये घेतलं जातं, जिथे घेऊ नये तिथे. एएमडीने एएम५ ला २०२७ आणि त्यापुढेही चिपा देत राहू असं सांगितलंय. तो सॉकेट कुठे पळून जात नाही. कार्ड बदलायची वेळ येईल तेव्हा, नोकरीच्या पहिल्या दोन पगारांत, एकदम ने सगळं.

दुकानदाराच्या आय५ चं गणित थोडं वेगळं. इंटेलच्या बाराव्या ते चौदाव्या पिढीसाठी डीडीआर४ चे बोर्ड मिळतात, म्हणजे तुझी रॅम वाचू शकते. पण बोर्ड नवीन लागणारच. बाराव्या पिढीचा आय५ १२४००एफ घेतलास तर गेममध्ये ५६०० च्या आसपासच पोहोचशील, बोर्डाचे पैसे घालून. आणि एलजीए १७०० हा सॉकेट चौदाव्या पिढीवर संपला, पुढची कोअर अल्ट्रा मालिका ऑक्टोबर २०२४ मध्ये नव्या सॉकेटवर गेली. एक संपत आलेला सॉकेट सोडून दुसऱ्या संपलेल्या सॉकेटवर पैसे देऊन जायचं कशाला? दुकानदाराचा राग मानू नकोस, त्याला बोर्डही विकायचा असतो. मात्र कोणी सेकंडहँड तेराव्या-चौदाव्या पिढीचा आय७ किंवा आय९ स्वस्तात गळ्यात मारू लागला तर सावध. त्या चिपांत व्होल्टेजचा घोळ होता, इंटेलने ऑगस्ट २०२४ पासून बायोसमार्गे दुरुस्ती दिली आणि वॉरंटीही दोन वर्षं वाढवली. पण त्याआधी झिजलेली चिप दुरुस्तीने पुन्हा धड होत नाही.

तुझ्यासारखाच प्रश्न घेऊन येणाऱ्या दुसऱ्या काहींना मी सरळ नाही म्हणतो. मॉनिटर ६० हर्ट्झचा आणि गेम ६० ला टेकून चालतोय, तर प्रोसेसर बदलून पडद्यावर काहीही बदलणार नाही. १४४० किंवा ४के वर सगळे सेटिंग चढवून एकट्याने कथा खेळणाऱ्याचं कार्डच आधी दमतं, त्याने कार्डाला पैसे साठवावेत. रायझन १००० मालिका किंवा इंटेलची सातवी पिढी असणाऱ्यांची गोष्ट न्यारी: विंडोज १० चं सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलं, आणि विंडोज ११ च्या अधिकृत यादीत त्या चिपा जवळपास नाहीतच. त्यांना गेमसाठी नाही तरी सुरक्षेसाठी हलावंच लागेल. तुझा २६०० त्या यादीत आहे.

खरेदी कुठून कर हे मी सांगणार नाही, पण कशी ते सांगतो. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला जा नाहीतर ऑनलाइन घे, बॉक्स पॅक आणि जीएसटीचं बिल. ट्रे म्हणजे खोक्याविना येणारी चिप थोडी स्वस्त पडते, पण तिची वॉरंटी बहुतेक दुकानदाराच्या शब्दावर असते, आणि तीन वर्षांत दुकानं गाळे बदलतात. ५६०० च्या खोक्यात कूलर येतो. तो चालतो, पण विदर्भ-मराठवाड्याच्या मे महिन्यात, बिनएसीच्या खोलीत, कण्हत चालतो. उरलेल्या पैशांतून एक साधा टॉवर कूलर घे, रात्री पंख्याची घरघर कमी होईल, बाबाही खूश. मग जे उरेल ते पुढच्या कार्डासाठी बाजूला ठेव.

आता बदलायच्या दिवसाचं. इथे मुलं घाई करतात, म्हणून जरा सविस्तर.

चिप घरी यायच्या आधी, जुना २६०० बसलेला असतानाच बायोस अपडेट कर. बोर्ड बनवणाऱ्याच्या साइटवर तुझ्या नेमक्या मॉडेलच्या पानावर प्रोसेसरची यादी असते, ५६०० समोर कुठलं बायोस लागतं ते लिहिलेलं असतं. ५६०० एप्रिल २०२२ मध्ये आला, त्यामुळे साधारण त्यानंतरचं काहीही चालायला हवं, पण यादीच बघ. मॉडेलच्या नावापुढचं 'मॅक्स', 'व्ही२', 'रिव्ह १.०' हे शेपूटही जुळवून बघ. काही बोर्डांना आधी मधलं एक व्हर्जन टाकावं लागतं, ते त्याच पानावर बारीक अक्षरात असतं. अपडेट चालू असताना लाइट गेली तर बोर्ड वीट, म्हणजे निकामी, होऊ शकतो, म्हणून यूपीएसवर कर, आणि तुमच्याकडे ज्या वारी लाइट जाते तो वार टाळ.

त्याच संध्याकाळी विंडोजमध्ये डिस्कला कुलूप घालणारं बिटलॉकर किंवा 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' चालू आहे का बघ. चालू असेल तर स्थगित कर, आणि रिकव्हरी की मायक्रोसॉफ्ट खात्यातून कागदावर उतरवून घे. तुझ्या बोर्डावर टीपीएम (त्या कुलपाची किल्ली सांभाळणारा भाग) बहुधा प्रोसेसरच्या आतलंच वापरलं जातंय. चिप बदलली की ते बदलतं, बायोस काळ्या पडद्यावर "रीसेट करू का" विचारतं, आणि पुढे विंडोज ४८ आकडी की मागत उभं राहतं. ती नसेल तर डेटा गेला. रात्री अकरा वाजता रडवेल्या आवाजात आलेले असे दोन फोन मी घेतले आहेत, दोघांनाही काही मदत करू शकलो नाही.

कूलर काढण्याआधी पंधरा मिनिटं गेम चालव, मग बंद करून, प्लग काढून, लगेच उघड. गरम पेस्ट मऊ असते. एएम४ ची चिप वरून धातूच्या चौकटीने दाबलेली नसते, नुसत्या पिनांच्या पकडीवर बसते. पाच-सहा वर्षांची वाळलेली पेस्ट आणि वरून सरळ खेचलेला कूलर, म्हणजे खटका लावलेला असूनही चिप कूलरला चिकटून बाहेर येते. माझ्या हातून एकदा एका गिऱ्हाइकाचा १६०० असाच उपटला गेला, तीन पिना वाकल्या. पेन्सिलच्या लीडविना रिकाम्या टोकात एकेक पिन अडकवून सरळ करत बसलो, दोन तास, आणि गिऱ्हाईक समोर स्टुलावर बसून बघत होतं. स्क्रू सोडले की कूलर आधी डावी-उजवीकडे हलकेच पिळायचा, सुटला असं हाताला कळल्यावरच उचलायचा. नवीन चिप कोपऱ्यातला सोनेरी त्रिकोण जुळवून ठेवायची, दाबायची नाही. आपल्या वजनाने खाली बसली तरच खटका लावायचा.

पहिल्यांदा चालू केल्यावर काही मिनिटं पडदा काळा राहिला तरी लगेच बटण दाबू नकोस, बोर्ड रॅमशी ओळख करून घेत असतो. मग बायोसमध्ये एक्सएमपी पुन्हा चालू कर, अपडेटने ते घालवलेलं असतं. सिक्युअर बूट आणि टीपीएम चालू आहेत ना बघ, नाहीतर विंडोज ११ वर व्हॅलोरंट उघडणारच नाही. विंडोज नव्याने टाकायची गरज नाही. मेमरी इंटिग्रिटी बंद केली असशील तर आता चालू करून टाक, नव्या चिपेला तिचं ओझं फारसं वाटत नाही.

मग सायबरपंकमध्ये त्याच बाजारात, त्याच जागी उभा राहा आणि आधी लिहून ठेवलेल्या आकड्याशेजारी नवीन आकडा लिही. कार्डाचा वापर तेव्हाही ६५ वरच अडकलेला असेल तर दोन्ही आकडे, रॅमचा वेग आणि तापमान मला पाठव, चिप परत करायची मुदत संपायच्या आत. आणि २६०० विकताना रिकाम्या खोक्यात नुसता टाकून देऊ नकोस, नव्या चिपेच्या प्लास्टिकच्या डबीत बसव. पिना सरळ असल्या तरच त्याचे पैसे येतात.